नऊ नंबरचा हंस

संध्याकाळी चावी मिळाली, घर उघडलं आणि पाहुण्यांनी ओळीने पाय धुतले. पण हे काही झालेलंच नाही असं धरून चालू. अजून ऊन आहे, घराला कुलूप आहे, आणि चावी नऊ नंबरच्या हंसात बसून तळ्याच्या मधोमध गेली आहे.

चावीसोबत बोटवाल्याची बायको होती.

हंस म्हणजे पायाने पेडल मारत चालवायची प्लास्टिकची बोट. मान उंच, एका डोळ्याचा रंग उडालेला. डोंगरातल्या या तळ्यावर दुपारी वारा किनाऱ्याकडून आत वाहतो. जाताना हंस भरभर जातो आणि लोकांना ते आपलं कौशल्य वाटतं. परतताना मांड्या भरून येतात, मग ते हात हलवतात. मग तो मोटरबोट घेऊन जातो, हंसाच्या गळ्यात दोर अडकवतो आणि ओढून आणतो. हीच त्याची नोकरी. बायको तिकीट खिडकीवर. भोंग्यावरून पुकारायची, "हंस क्रमांक अमुक, आपली वेळ संपली आहे, कृपया किनाऱ्यावर यावे." इतकी वर्षं दोघांनी मिळून लोकांना परत आणलं होतं. ती स्वतः मात्र हंसात कधी बसली नव्हती.

आज जेवणानंतर तिने खिडकी लोटली, स्वतःच स्वतःला तिकीट फाडून दिलं आणि निघाली.

कारण त्याला ठाऊक होतं. तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाला नातेवाईक जरा जास्तच असतात. सुट्ट्या लागल्या की फोन येतो, आणि "या की, घर आपलंच आहे" हे वाक्य त्याच्या तोंडून शिंकेसारखं निघून जातं. आत्येभावाचं कुटुंब कालच गेलं होतं, त्यांच्या गाद्या अजून उन्हात होत्या. सकाळी दात घासता घासता त्याने सांगून टाकलं की धाकटी बहीण येतेय, सहकुटुंब, आणि सोबत तिच्या जावेची माणसंही. हातातला टॉवेल बायकोने पुन्हा पिळला. त्यात पाणी उरलेलं नव्हतं.

हंसाजवळ पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं. ती पाय वर घेऊन बसली होती. चपला शेजारच्या सीटवर, त्यांचंही तिकीट काढल्यासारख्या.

"दोर बांधू?" त्याने विचारलं.

"बांधा," ती म्हणाली. "ओढू नका."

त्याने दोर अडकवला आणि बसून राहिला. वाऱ्याने दोघंही हळूहळू आणखी आत जायला लागले.

किनाऱ्यावर सामानासकट पाहुणे उभे होते. मेहुण्यांच्या खांद्यावर मासे धरायचा नवाकोरा गळ होता. पोरांनी कमरेला टायर फुगवून घेतले होते, पाण्यात उतरायची परवानगी नसताना. जावेच्या माणसांनी उशा घरून आणल्या होत्या, यजमानांवर भार नको म्हणून. बोटींच्या मॅनेजरने भोंग्यावरून नऊ नंबरला दोनदा रीतसर पुकारून पाहिलं होतं. आता बहिणीने त्याच्याकडून माइक मागून घेतला.

"वहिनी, चावी कुठंय?" भोंगा म्हणाला.

समोरच्या डोंगरानेही तेच विचारलं. मग त्याच्या मागच्यानेही.

"डोंगरही यायचेत वाटतं राहायला," बायको म्हणाली.

त्याला हसू आलं, पण हसण्याची ही वेळ आहे की नाही ते कळेना, म्हणून तो खोकला. तिने विचारलं, किती दिवस. त्याने पाण्याकडे बघत सांगितलं, शाळा उघडेपर्यंत. कुणाची शाळा, असं तिने विचारलं, आणि तो बोटांवर तारखा मोजू लागला, कारण बहिणीच्या आणि जावेच्या पोरांच्या शाळा वेगळ्या होत्या.

"मी काही पळून चालले नाहीये," ती म्हणाली. "पळायला अंगात जोर लागतो. तुम्ही एकदा कुणाला तरी नको म्हणा. एकदाच. मग न्या मला ओढत कुठे न्यायचं ते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरी भिंतीला कान लावून उभं राहिल्याशिवाय त्याला रेंज येत नसे. इथे तळ्याच्या मध्यावर तो देवळातल्या घंटेसारखा खणखणला. मामेभाऊ होता. पुढच्या आठवड्यात चार दिवस मोकळे मिळताहेत, पोरांना होडीत बसायचंय, आणि वहिनींना मुळीच त्रास द्यायचा नाही, असं तो एका दमात म्हणाला.

बायको बघत होती. त्याच्या घशात 'या की'ची शिंक दाटून आली. त्याने ती गिळली. नको हा शब्द त्याने जिभेवर घेऊन पाहिला, पण तो काही बाहेर येईना. शेवटी त्याला जमलं तेवढं तो बोलला.

"घराची चावी तळ्यात पडलीय."

"एवढंच ना?" मामेभाऊ म्हणाला. "येताना नवीन कुलूप घेऊन येतो."

फोन बंद झाला. तो फोनकडे बघत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला अडवलं होतं, आणि तो माणूस आता कुलपासकट येणार होता.

बायकोने चपला खाली काढून पायात घातल्या. पदराची गाठ चाचपली, चावी होती.

"नको म्हणालात असंच धरू," ती म्हणाली. "तुमच्या मानाने पुष्कळ झालं. चला, ओढा."

त्याने इंजिनाची दोरी खेचली. ते पहिल्या खेपेला सुरू झालं नाही, दुसऱ्याही नाही. दर वेळी त्याला शिव्या देणारा तो आज सावकाश दोरी खेचत राहिला.

किनाऱ्यावरून सगळे हात हलवत होते. ओढून न्या म्हणणारे लोक हलवतात तसेच.

ती हंसात सावरून बसली, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि खिडकीवरच्या त्याच सपाट, थकलेल्या आवाजात म्हणाली, "किनाऱ्यावरील सर्वांना नम्र विनंती. हंस क्रमांक नऊ परत येत आहे. तरी कृपया किनारा थोडा मागे घेण्यात यावा."