लाकडी हत्ती

हत्तीची सोंड शेपटीच्या जागी ठेवून चार वर्षांच्या नुपूरने वर पाहिलं.

“अगं, सोंड तिथे असते का? किती वेळा सांगायचं!” आई करवादली. टॅबवरच्या खेळांनी मुलांची बुद्धी वाढत नाही, असं बालवाडीच्या बाई म्हणाल्यावर तिने आजच हे लाकडी कोडं आणलं होतं.

नुपूरने तुकडा उचलला. आता ती हत्तीकडे बघतच नव्हती. आईच्या चेहऱ्याकडे बघत तुकडा सरकवत होती.

“टॅबवर तर पटापट जमायचं तुला!”

“त्यातली ताई ओरडत नाही. चुकलं की म्हणते, पुन्हा करूया.”

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोंड परत चुकीच्या जागी गेली. “पुन्हा करूया” म्हणायला आईने तोंड उघडलं मात्र, नुपूरने डोळे घट्ट मिटून घेतले.