मांडवातलं बारसं

डाकारच्या आमच्या गल्लीत मी बिरामच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि पाहुण्यांसाठी रस्त्यावर मांडव घातला. सकाळीच शेजारच्या सोखना मावशी कडक खळीचा झगा घालून, बाजरीच्या लापशीचं पातेलं घेऊन हजर.

"बाळ कुठंय?"

"बाळ नाही मावशी, चित्रं आहेत."

"मग मांडव कशाला घातलास गं? मी बारशाची लापशी घेऊन आले!" पण आणलेलं पातेलं परत कसं न्यायचं, म्हणून त्या आत आल्या आणि सगळ्यात मोठ्या चित्रापुढे थबकल्या. "ह्याचं नाव काय?"

"नाव नाही," बिराम म्हणाला. चित्रांना नावं द्यायचीच नाहीत, यावरून तो महिनाभर माझ्याशी भांडत होता.

"पुरं कधी झालं?"

"गेल्या शुक्रवारी."

"म्हणजे आज आठवा दिवस, आपल्याकडे बारशाचा, आणि अजून नाव नाही? कसला बाप आहेस रे?" मावशी चित्राच्या कोपऱ्याशी वाकल्या आणि बाळाच्या कानात सांगावं तसं काहीतरी कुजबुजल्या.

बिराम हळूच जवळ सरकला. "काय ठेवलंत?"

"आधी त्याला कळू दे. मग तुला."

संध्याकाळी एका पाहुण्याने नेमकं तेच चित्र विकत मागितलं. बिरामने माझ्यावरच डोळे वटारले. "आजच बारसं झालंय त्याचं. विकायचं कसं?"

मी मावशींना तेवढं गोड बोलून उठवलं आणि त्यांची खुर्ची उरलेल्या चित्रांपासून लांब, लापशीच्या पातेल्याजवळ नेऊन ठेवली.