कोणाची चूक

जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाच्या अध्यक्षपदाची उमेदवार मृणाल बेंद्रे व्यासपीठावर बोलत होती आणि समोर बसलेल्या विक्रांत शितोळेचा नुसता जळफळाट होत होता. बारा वर्षं रॅलीत गाडी त्यानं चालवली होती. ती शेजारी बसून फक्त वळणं सांगायची. आता तिला मत द्यायचं?

भाषण संपल्यावर विरोधी गोटातल्या एकानं विचारलं, "तुम्ही वळण उशिरा सांगितलंत, म्हणून गाडी दरीत गेली आणि शितोळेंचा पाय गेला. खरं ना?"

मृणालनं माइक जवळ ओढला. "खरं आहे."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आता ही पडणार, या विचारानं विक्रांतला बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. अपघाताच्या चौकशीत ते खोटं त्यानंच सांगितलं होतं. तिनं मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं.

कुबडी टेकत तो उठला. "वळण तिनं वेळेवर सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

संध्याकाळी मतमोजणी झाली आणि मृणाल निवडून आली. गर्दीतून वाट काढत ती त्याच्यापाशी आली.

"इतकी वर्षं का बोलला नाहीस?"

"तू माझ्या पुढे जाशील म्हणून," तो म्हणाला. "हेवा तर आजही वाटतोय."