नाल्यापलीकडची सदाफुली

२०२१ साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, तेव्हा मोताळ्याजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घरं बावीस होती आणि त्यांची दफनभूमी नाल्यापलीकडे. बेबीताईंच्या धन्याला, शांतवनरावांना, छातीभर पाण्यातून न्यावं लागलं होतं.

चर्चच्या बैठकीत पंच वामनराव म्हणाले, "हंगामाच्या सणाच्या लिलावाचा पैसा पडला हाय. पंजाबरावच्या प्रचाराले देऊ. सरपंच झाला का पूल बांधते."

"देवाले वाह्यलेल्या कोंबड्या-भोपळ्यांचा पैसा तो," बेबीताई म्हणाल्या. "त्यानं मानूस इकत घ्याचा का?"

"मंग तुमाले बी पोहतच नेऊ का?"

सगळे हसले. बेबीताईसुद्धा. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचा जन्म गेला होता. आता धन्याशेजारची जागा मिळावी, एवढंच मागणं उरलं होतं. नाला आटला की त्या रोज पलीकडे जात. धन्याच्या मातीवर मूठभर सदाफुली ठेवत, आणि एक फूल बाजूला.

वामनरावांनी पाकीट चिकटवून जोडावर सही केली. "तुमीच न्या, ताई. तुमच्या हातून रुपया हालत नाही."

"द्या इकडं."

त्या पंजाबरावांच्या घरात तासभर बसल्या. निघताना पंजाबरावांची बायको तानुबाई त्यांचा हात धरून फाटकापर्यंत आली.

"घेतलं त्यायनं?" पारावर थांबलेल्या वामनरावांनी विचारलं.

"काम होईन."

पंजाबराव सरपंच झाले. पूल झाला. वामनराव भेटेल त्याला सांगत, "देवाचा पैसा देवाच्याच कामी आला!" बेबीताई नुसत्या हसत.

बेबीताई २०२३च्या श्रावणात गेल्या. खांदेकऱ्यांचे पाय कोरडे राहिले. मी गेल्यावर हे लिलावात काढा, असं सांगून त्यांनी कापसाचं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. सणाला वामनरावांनी मायेनं चढी बोली लावून ते घेतलं, घरी आणून सोडलं.

आत पाकीट होतं. जोडावर त्यांचीच सही, न फाटलेली.

ते तसेच उठले. पूल ओलांडून बेबीताईंच्या कबरीपाशी आले. शेजारच्या वीतभर उंचवट्यावर तानुबाई एक सदाफुली ठेवत होती.

"माही पोरगी, वामनभाऊ," ती म्हणाली. "मिशनच्या दवाखान्यातच गेली होती, मी बेसुद होती. ताईनंच तिले इथं पुरलं. तीस वर्सं तिले कोन फूल वाहून राह्यलं, ताईनं निवडणुकीत घरी येऊन सांगतलं, तवर मले मालूमच नोतं."