नात्याचं माणूस चालत नाही

“ही बाई तुझी कोणी लागते का?” मिसेस पुलियमनी विचारलं.

“नाही,” डेल्सी म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली, की बाकावर बसलेल्या रोंडानं बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. कॉफीचा कागदी पेला तिनं बाजूला ठेवला आणि आपणही या मुलीला ओळखत नाही, असं सांगून टाकलं.

परीक्षेत रुग्ण म्हणून खाटेवर झोपायला येणारी बाई त्या दिवशी आलीच नव्हती. तिच्या जागी नात्याचं माणूस चालत नाही, असा नियम होता. दुसरं कोणी मिळालं नाही तर परीक्षा पुढं ढकलली जाणार होती, तीही पार पानगळीत, शाळा संपून गेल्यावर. म्हणून परीक्षक मिसेस पुलियम माणूस शोधत बाहेर आल्या होत्या, आणि बाहेर रोंडाशिवाय कोणी नव्हतं.

डेल्सीला थांबणं परवडणारं नव्हतं. राज्यानं नवा कायदा केला होता. नुसतं बारावी पास होऊन भागत नव्हतं. कॉलेजसाठी, नाहीतर नोकरीसाठी आपण तयार आहोत हे दाखवल्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचा डिप्लोमा मिळत नव्हता. कॉलेजच्या चाचणीत गणितानं तिला दोनदा पाडलं होतं. उरली होती ही नर्सिंग असिस्टंटची परीक्षा. खाणी बंद पडल्यापासून त्यांच्या डोंगराळ भागात नोकरी देणारी जागा म्हणजे म्हाताऱ्यांचं एक नर्सिंग होम, आणि तिथल्या मेट्रननं जूनपर्यंतच तिची वाट बघायचं कबूल केलं होतं.

रोंडा तिची आई होती. आधी नशेच्या गोळ्या, मग सुया, मग तुरुंग, मग व्यसनमुक्ती केंद्र, असं सगळं करून ती या वसंतात परत आली होती. तोवर डेल्सीला मावशीनं वाढवलं होतं. आज मावशीला रजा मिळाली नाही, म्हणून रोंडानं शेजाऱ्याची गाडी मागून आणली. तिच्या भरवशावर राहू नकोस, वाटेत कोणी ओळखीचा भेटला तर तुला पेट्रोल पंपावरच विसरून जाईल, असं मावशीनं सकाळी ऐकवलं होतं. पण रोंडा वेळेच्या आधीच दारात उभी होती. रोंडानं दुसरं लग्न केल्यापासून दोघींची आडनावं वेगळी होती, त्यामुळं कागदावरून नातं कळणार नव्हतं.

परीक्षेत करायच्या कामाची चिठ्ठी डेल्सीनं उचलली, तिच्यात रुग्णाचे पाय धुण्याचं काम निघालं.

डेल्सीनं पडदा ओढला, हात धुतले. मग रुग्णाला आपलं नाव सांगायचं होतं. तिनं ते आईलाच सांगितलं. रोंडानं अनोळखी माणसासारखी मान हलवली. पाणी फार गरम नाही ना, असं डेल्सीनं विचारलं, तर छान आहे म्हणाली.

बोटांची बेचकी धुऊन नीट कोरडी करायची, ते राहिलं की नापास. डेल्सी तिथवर आली तशी रोंडानं पायाची बोटं घट्ट आवळून घेतली. डेल्सीनं ती हलकेच सोडवली. प्रत्येक बेचक्यात सुयांचे जुने व्रण होते. हातावरच्या शिरा संपल्या की माणसं कुठं टोचून घेतात, हे तिला वर्गात शिकवलं होतं. आई भर उन्हाळ्यातही मोजे का काढायची नाही, हे तिला आज कळलं. ती मान खाली घालून एकेक बेचकं टिपत राहिली. रोंडा छताकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडं ओघळत होतं. काही दुखतंय का, असं मिसेस पुलियमनी विचारलं. नाही, या मुलीचा हात फार हलका आहे, असं ती म्हणाली.

डेल्सी पास झाली.

गाडीत बसल्यावर रोंडानं किल्ली फिरवली नाही. ती नुसती हसत होती.

“शाबास, पोरी. ‘नाही’ म्हणताना जरासुद्धा अडखळली नाहीस. मलासुद्धा खरं वाटलं.”

तो टोमणा नव्हता. ती खरोखरच खूश होती, आणि तेच डेल्सीला सहन झालं नाही. ती दार उघडून उतरली आणि धावत आत गेली.

मिसेस पुलियम सामान आवरत होत्या.

“मॅडम, मी खोटं बोलले. ती माझी आई आहे.”

मिसेस पुलियम खुर्चीत बसल्या. त्यांनी तिला शांतपणे समजावलं, की हे लिहिलं तर निकाल रद्द होईल, या वर्षीचा डिप्लोमा जाईल आणि नोकरीही. डेल्सीला सगळं ठाऊक होतं. तरी ती लिहा म्हणाली. मिसेस पुलियमनी पेन काढलं.

तेवढ्यात रोंडा धापा टाकत दारात आली. डेल्सीनं पुढं होऊन तिचा हात धरला. ही मुलगी तुम्ही तिची आई आहात म्हणते, खरं आहे का, असं मिसेस पुलियमनी विचारलं, आणि रुग्ण सांगेल तेच मी लिहीन, असंही म्हणाल्या.

रोंडानं डेल्सीकडं पाहिलं नाही.

“दमलीय ती, मॅडम. काहीतरी बोलतेय,” ती म्हणाली. “मला मुलगी नाही.”

डेल्सीनं तिचा हात सोडला नाही. उलट दोन्ही हातांनी आवळून धरला. मिसेस पुलियम त्या हातांकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग रोंडानं सांगितलं होतं तेच त्यांनी लिहिलं.