काळ्या खडकांवरचे चार दिवे

कॅप्टन उर्सुआने चारही निगेटिव्ह खिडकीच्या काचेला चिकटवल्या आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिला. आकाशात दिसलेल्या अनोळखी दिव्यांचा तपास करायला हवाई दलाने त्याला चिलोए बेटावर धाडलं होतं. रोसामेल कार्कामो आपल्याच स्टुडिओत पाहुण्यासारखा अवघडून उभा होता. ओळखपत्रांचे नि लग्नांचे फोटो काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. हे चार फोटो मात्र राजधानीच्या वर्तमानपत्रात छापून आले होते.

त्या मंगळवारी दिवस मावळताना तो धक्क्यावर होता. समुद्रावर एक लाल दिवा वर चढला, क्षणभर थांबला, हळूहळू खाली येत विझला. मग दुसरा. असे चार. त्याने चारही टिपले. गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बुडालेल्यांना घेऊन फिरणारं भुतांचं गलबत इथल्या प्रत्येकाच्या आजोबांनी पाहिलेलं असतं.

कॅप्टनने मोजकंच विचारलं. किती वाजले होते, कॅमेरा कुठल्या खांबाला टेकवला होता. मग नकाशा पसरून त्याने धक्क्यापासून एक रेघ ओढली. ती काळ्या खडकांपाशी थांबली.

"तुमचा भाऊ कधी निघाला होता?"

रोसामेलला या प्रश्नाचा संबंध कळेना. बेलार्मिनो सोमवारी निघाला होता, दक्षिणेच्या बेटांकडे, शिंपल्यांसाठी बुड्या मारायला. मंगळवारी संध्याकाळी तो पार लांब पोचलेला असणार. तो परतला नाही म्हणून तीन आठवड्यांनी शोध सुरू झाला, तोही तिकडेच.

"तो मागे फिरला होता," कॅप्टन म्हणाला. "इंजिन बिघडलं असेल. परवा या खडकांत होडीच्या फळ्या सापडल्या. आणि मदतीसाठी उडवायच्या लाल बाणांचा डबा. त्यावर त्याच्या होडीचं नाव आहे. डबा रिकामा आहे."

रोसामेल काचेवरच्या निगेटिव्हकडे बघू लागला. चौथा फोटो सगळ्यांत छान आला होता. हात हलू नये म्हणून त्या वेळी त्याने श्वास रोखून धरला होता. शेजारी धक्क्याला सहा होड्या बांधलेल्या होत्या. समुद्र शांत होता.

कॅप्टनने नकाशा घडी घालून ठेवला. फोटो कुणी काढले हे अहवालात लिहायलाच हवं असं नाही, असं तो खाली बघत म्हणाला. घरच्यांना काय सांगायचं ते मात्र रोसामेलनेच ठरवावं.

बेलार्मिनोची बायको एर्सिरा स्वयंपाकघरात बटाटे किसत होती. फळीवर मारिया मातेच्या शेजारी तिने त्यातलाच एक फोटो लावला होता, समोर मेणबत्ती. आपला नवरा त्या गलबतावर आहे, कोरड्या कपड्यांत, त्याला तिथे थंडी वाजत नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोक मान डोलवायचे. रोसामेलही डोलवायचा.

काही न बोलता परत फिरता आलं असतं. तो दारातच उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. खडक, डबा, सहा होड्या. रोखून धरलेला श्वाससुद्धा.

एर्सिराने हातातला बटाटा खाली ठेवला. चुलीत लाकूड तडतडलं. तिने आपल्याला चार शिव्या तरी घालाव्यात, असं त्याला फार वाटत होतं.

"वहिनी, काहीतरी बोला."

"शेवटचा दिवा विझेपर्यंत होतात तिथे?"

"होतो."

हात कोरडे झाले तरी ती कितीतरी वेळ ते एप्रनला पुसत राहिली.

"दिवसा मी गलबताचं मानायचे, भावजी," ती म्हणाली. "रात्री वाटायचं, बुडताना त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. तुम्ही तरी होतात."