तिसरी चूक

"सात सक किती?" घरशाळेच्या यंत्राने तिसऱ्यांदा विचारलं.

"चाळीस," शर्वी म्हणाली.

लगेच यंत्राचा आवाज बदलला. गेल्या वर्षी वारलेली तिची आई बोलू लागली, "असू दे गं चिमणे. परत सांगते हं."

"महिनाभर एकच पाढा?" बाबा, निरंजन, खेकसला. पालकांच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं होतं : मूल तीनदा चुकलं तरच आईचा आवाज लागेल, नाहीतर मूल सोकावतं.

दुपारी शर्वी बाहुलीची शाळा घेत होती. सातचा पाढा तिने न अडखळता सत्तरपर्यंत म्हटला. निरंजन दारातच थबकला.

ती खेळायला गेल्यावर तो यंत्रासमोर बसला.

"सात सक किती?"

"चाळीस," तो म्हणाला. मग पुन्हा चाळीस. मग पुन्हा.